वीरपसलीची बेअरिंगं

श्रावणात भावानं बहिणीला वीरपसली द्यायची असते. कुणी साडी देतो, कुणी पितळी डबा, अगदीच हात आखडता असेल तर पोलक्याचं कापड. वीरपसली म्हणून इंजिनाची बेअरिंगं देणारा भाऊ मी छप्पन्न वर्षांत एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या कंकूचा भाऊ वशराम.

मी अमरशी मिस्त्री. खाराघोड्यापासून कच्छच्या रणात आत आत जेवढी मिठागरं आहेत, त्यांतली निम्मी इंजिनं माझ्या हाताखालून गेलेली आहेत. दिवाळी झाली की मीठ पिकवणारे अगरिये बायकापोरांसकट रणात उतरतात, विहीर खणतात, इंजिन बसवतात आणि खारं पाणी उपसायला लागतात, ते होळीपर्यंत. मधे चार दिवस पाणी थांबलं की मिठाचा दाणा बारीक पडतो, आणि बारीक मिठाला कुत्रं विचारत नाही. म्हणजे सगळा हंगाम इंजिनावर आणि इंजिन माझ्यावर. हे मी फुशारकीनं सांगत नाही. थोडं फुशारकीनं सांगतोय, पण खोटं नाही.

कंकू ही गेलाची बायको. गेला हे त्या अगरियाचं नावच. ती माझ्याच गावची, म्हणून मला काका म्हणते आणि माझ्यापुढे पदर ओढत नाही. वशराम तिचा एकुलता भाऊ. चौदा वर्षांचा असताना बापाशी भांडला आणि राजकोटला पळाला, तो नऊ वर्षं फिरकला नाही. दर श्रावणात गल्लीतल्या बाकीच्या सुना भावांच्या साड्या नेसून मिरवायच्या, आणि कंकूचा सासरा दुदाबापा खाटेवरून विचारायचा, "काय वहू, तुझी साडी अजून राजकोटच्या रस्त्यातच आहे का?" दुदाबापा माणूस वाईट नाही, पण तोंडात आलेली चेष्टा त्याला गिळता येत नाही. कंकू पदराआड हसायची. माझी बायको सांगते, त्या दिवशी मात्र कंकूचा रोटला हमखास करपायचा.

तर त्या वर्षी वशराम आला. गल्ली गोळा झाली. पोरगा हडकुळा, शर्ट धुवट, नखं काळी. माझ्यासारखेच हात, म्हणून मला बरं वाटलं. बेअरिंगं बनवायच्या कारखान्यात होता म्हणे. त्यानं पिशवीतून एक खोकं काढून बहिणीच्या हातात दिलं. तिनं तेलकट कागद उलगडला. आत चंद्रकोरीसारख्या दोन चकचकीत वाट्या.

"हे काय? बांगड्या?" दुदाबापा म्हणाला. "त्याही अर्ध्या अर्ध्या? बाकीच्या अर्ध्या पुढच्या वर्षी आणणार काय रे?"

सगळी गल्ली हसली.

"इंजिनाची बेअरिंगं आहेत, बापा," वशराम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "साधी नाहीत. तीन थरांची, कडक. शेकडो तपासून त्यातली निवडलीत. साध्याच्या चौपट किंमत आहे."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी शहाण्या माणसानं काय म्हणावं? वा, झकास, असं म्हणावं आणि चहा मागावा. पण माझ्या धंद्यात कुणी चौपट किमतीची भाषा केली की माझं डोकं फिरतं.

"माल चांगला आहे," मी म्हणालो. "पण रणात नाही चालायचा."

"का नाही चालायचा, काका?"

"का म्हणजे? साध्या बेअरिंगचा धातू मऊ असतो. तेलात धूळ आली की तो कण तो पोटात घेतो. स्वतः झिजतो, पण क्रँकला, आतल्या फिरत्या दांड्याला, वाचवतो. तुझं हे कडक बेअरिंग कुणाला पोटात घेणार नाही. कण तसाच क्रँकवर घासत राहील. बेअरिंग राहील नवंकोरं आणि क्रँक जाईल. बेअरिंग कुठंही मिळतं रे, पण पौषात क्रँक गेला तर हंगाम गेला."

"तेल साफ ठेवलं तर नाही जाणार. साध्याच्या तिप्पट चालतील."

"तेल साफ? रणात?" मी म्हणालो. "अरे, ह्या इंजिनाला तेलाची गाळणीसुद्धा नाही. क्रँक फिरतो, खालचं तेल उडवतो, संपलं. आणि रणात दुधावर धूळ बसते, तू तेलाचं काय घेऊन बसलास!"

दुदाबापानं मांडीवर थाप मारली. "नऊ वर्षांनी आला, आणि आला तो बहिणीचं इंजिन फोडायला!"

वशरामची नजर बहिणीच्या पायांवर होती. कंकूनं तेलकट कागदाची पहिल्यासारखी नीट घडी घातली आणि पदराआडून हळू आवाजात म्हणाली, "माझ्या भावानं दिलंय. बसेल तर हेच बसेल."

तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या मतावर कुणी पाय दिला की मला आगापिछा राहत नाही. "बसवतो की," मी ओरडलो. "आणि होळीला इंजिन उघडून बघू. क्रँकवर चरा नसला, तर ही मिशी तुमच्या दारात उतरवून देतो!"

माझी मिशी तेव्हा बघण्यासारखी होती. तीस वर्षांची जोपासना, रोज सकाळी एक थेंब तिळाचं तेल. दुदाबापानं सगळ्या गल्लीला साक्षीला धरलं.

घरी आलो तर बायकोनं भाकरीची टोपली पुढ्यात आदळली. "तिथं तिच्या माहेरचं वडीलधारं माणूस म्हणून तुम्ही एकटे. आणि तुम्हीच उलटलात! मेकॅनिक म्हणून बरोबर असाल, पण काका म्हणून शून्य."

मी म्हणालो, "धातूला काका-मामा कळत नाही." पण त्या रात्रीची भाकरी मला गोड लागली नाही, हे खरं.

दिवाळीनंतर गेलाच्या आगरावर गेलो आणि बेअरिंगं बसवली. चीज खरोखर देखणी होती. क्रँकवर बसली ती रुपयाच्या नाण्यासारखी चपखल. नट आवळले, नट ढिले होऊ नयेत म्हणून आरपार घालायच्या कॉटर पिना घातल्या, जुन्याच, हातोडीनं सरळ करून. रणात कुणी काही टाकून देत नाही. वाकडा खिळा तीनदा सरळ होतो, चपलेचा टायर होत नाही एवढंच. नारळ फुटला, इंजिन सुरू झालं, धब् धब् धब्, आणि विहिरीतून पाणी आलं.

कंकू चहाची बशी घेऊन आली. "काका, आता सांगा. ही टिकावीत म्हणून काय काय करायचं?"

"तुझ्यानं होणार नाही."

"सांगा तरी."

म्हणून मी सांगायला लागलो. तेल दर आठ दिवसांनी बदलायचं, काळं व्हायची वाट बघायची नाही. नवं तेलसुद्धा दुहेरी मलमलीतून गाळूनच घालायचं. ती ऐकत होती आणि प्रत्येक गोष्टीला ओढणीच्या टोकाला एक गाठ मारत होती. लिहिता येत नाही, तर गाठी. मला त्या गाठींचाच राग आला. जणू होणारच आहे सगळं! मग मी आणखी चढवत गेलो. तेलाचा डबा जमिनीवर ठेवायचा नाही, टांगायचा. वाऱ्याच्या बाजूला ओल्या गोणपाटाचा पडदा. झोपडीत खारं पाणी शिंपायचं, म्हणजे जमीन पापडासारखी घट्ट होईल, धूळ उडणार नाही. चपला बाहेर. दर पंधरवड्याला इंजिन बंद करून बाजूचं झाकण काढायचं आणि तळ फडक्यानं पुसायचा.

गाठ, गाठ, गाठ.

शेवटी मला काही सुचेना. "आणि रोज सकाळी त्याला रामराम घालायचा," मी म्हणालो. "जबाब आल्याशिवाय हलायचं नाही!"

तिनं त्याचीही गाठ मारली.

महिन्याभरानं गेला पाण्याच्या टँकरबरोबर खाराघोड्याला आला, तो सरळ माझ्या दुकानात. तोंड एवढंसं.

"काका, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"काय झालं? क्रँक गेला?" मी आशेनं विचारलं.

"क्रँक कसला जातोय! मीच जायची वेळ आलीय. माझा लग्नातला मलमलचा फेटा फाडला हो तिनं, तेल गाळायला! म्हणे, जुनं कापड काकांनी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या इंजिनाजवळ मी अनवाणी जातो. थंडीत!"

"आणि बापा?"

"बापा आठ दिवस हसले. मग एकदा चपलेनं आत गेले. सासऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून हिनं पाना घेतला आणि तेलाच्या डब्यावर असा काही बडवला की बापा उडी मारून बाहेर आले. आता तेही बाहेर चपला काढतात. आणि काका, तो रामराम…"

"घालते?"

"रोज! हात जोडून उभी राहते. शेजारच्या आगरावरची माणसं विचारतात, तुमच्याकडे कुठला देव बसलाय?"

मी पोट धरून हसलो. तो गेल्यावर मिशीला पीळ दिला आणि म्हणालो, नव्याचे नऊ दिवस. उत्साह आहे, ओसरेल.

उत्तराणाचे, म्हणजे संक्रांतीचे, पतंग उतरून तीन-चार दिवस झाले असतील. मी दुसऱ्या एका आगरावर पंपाचा पट्टा बदलत होतो. तिथल्या म्हाताऱ्यानं हाक मारली, "मिस्त्री, तुमचा आरसा!"

रणात फोन लागला तर नशीब. माणसं आरशानं उन्हाचा कवडसा टाकून बोलावतात. एक कवडसा पाण्याच्या टँकरला, दोन आजारपणाला, तीन मिस्त्रीला. दूर, गेलाच्या आगराच्या दिशेनं, तीन चमकले. थांबले. पुन्हा तीन.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. मनात लाडू फुटले. मोटरसायकल काढली आणि वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं. काय कंकू, मी काय म्हणालो होतो? नंतर बदलून, काय कंकू, काका काय म्हणाला होता? दुसरं बरं वाटलं.

आगर जवळ आलं तसा इंजिनाचा आवाज यायला हवा होता. आला नाही. रणात झाड नाही, पाखरू नाही. आवाज असतो तो इंजिनाचाच. तो बंद पडला की त्या सपाट जमिनीवर माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. पाटात पाणी नव्हतं. गेला आणि दुदाबापा दूर वाफ्यात, उरलंसुरलं पाणी अडवायला बांध घालत होते. कंकू झोपडीच्या दारात हातात आरसा घेऊन बसली होती. तिचं तोंड मी पाहिलं आणि माझं जुळवलेलं वाक्य घशातच राहिलं.

"काय झालं गं?"

"सकाळी रामराम घातला," ती म्हणाली. "रोज येतो तसा जबाब नाही आला."

"रोज काय जबाब येतो?"

"धब् धब् धब्. आज धब्च्या मागं एक बारीक टिक् होतं. दाताखाली खडा यावा तसं. ह्यांना ऐकूच आलं नाही. म्हणाले, चालू दे, भास झालाय तुला. बापापण तेच म्हणाले. मी बंद केलं." मग तिचा आवाज बसला. "काका, भावाची चीज गेली ना?"

मी चपला बाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पायांनी आपणहून काढल्या. आत जमीन टणक, गोणपाट ओला, डबा टांगलेला. बाजूचं झाकण उघडलं आणि मी बघतच राहिलो. तेलाच्या तळाशी माझं बोट दिसत होतं. तीस वर्षांत रणातल्या इंजिनात मी डांबर पाहिलंय, चिखल पाहिलाय, एकदा बेडूकसुद्धा पाहिलाय, पण आरपार दिसणारं तेल पाहिलं नव्हतं.

बेअरिंगला हात लावला. पक्कं. मग बोल्टला लावला. नट एक आटा ढिला होता. तळात चाचपलं तर बोटांना अर्धी तुटकी पिन लागली.

ती माझी पिन होती. मी हातोडीनं सरळ केलेली, जुनी. चौपट किमतीच्या बेअरिंगला राखणदार म्हणून मी मोडकी तार बसवली होती. आणखी तासभर इंजिन चाललं असतं, तर नट निघाला असता आणि रॉड इंजिनाचं पोट फाडून बाहेर आला असता. मग क्रँक काय आणि बेअरिंग काय, गोळा करायला टोपली लागली असती. आणि सगळ्या रणात एकच गोष्ट झाली असती, भावाच्या बेअरिंगानं बहिणीचं इंजिन फोडलं. मीसुद्धा तेच सांगितलं असतं, मिशीला पीळ देत. मला माझीच लाज वाटली.

कंकूनं माझ्या तळहातावरची पिन बघितली. तिला सांगावं लागलं नाही.

"ही जुनी होती?"

"हो."

"नवी फार महाग असते?"

"एका कप चहाच्या पैशात मूठभर येतात," मी म्हणालो.

तिनं ओढणी तोंडाला लावली, आणि मला वाटलं ही रडते आहे. पण ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. "म्हणजे भावाची चीज नाही गेली!"

"नाही गेली. त्याची चीज शाबूत आहे. काकाची गेली."

माझ्या पेटीत नवी पिन एकही नव्हती. नसायचीच. शेवटी माझ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाची पिन, नुकतीच घातलेली, तीच काढली आणि इंजिनाला बसवली. चाकाला तार पिळली. इंजिन सुरू झालं. कंकू कान देऊन उभी राहिली. धब् धब् धब्. तिनं मान हलवली, तेव्हा मी श्वास सोडला.

दुदाबापा आणि गेला वाफ्यातून धावत आले. "काय होतं, मिस्त्री? मिशी वाचली का?" दुदाबापा लांबूनच ओरडला.

मी तोंड उघडणार तोच कंकूनं पदर ओढला आणि नवऱ्याला म्हणाली, "काही नाही. एक नट ढिला झाला होता. काकांनी आवळला. चहा ठेवते." आणि ती तुटकी पिन तिनं ओढणीच्या टोकाला गाठीत बांधली. एक गाठ आणखी.

मी घरी गेलो तो मोटरसायकल पायी चालण्याच्या वेगानं चालवत. वाटेत एक उंटवाला मला मागं टाकून पुढं गेला.

धुळेटीच्या, म्हणजे धुळवडीच्या, दिवशी इंजिन उघडायचं ठरलं होतं. पाणी आदल्या दिवशीच बंद केलं होतं. आगरात मीठ असं पडलं होतं की दाणा चिमटीत धरून खडीसाखर म्हणून खपवावा. मी मुद्दाम सकाळी लवकर गेलो, माणसं जमायच्या आत. वशरामला आणायला कंकूचा नवरा गेला होता. दुदाबापाला ऊन चढल्याशिवाय खाट सुटत नाही.

बेअरिंगं काढली आणि क्रँकवर अंगठ्याचं नख फिरवलं. चरा असला तर नख अडतं, कितीही बारीक असला तरी. नख सरकत गेलं. पुन्हा फिरवलं. आडवं, उभं. तान्ह्या मुलाच्या गालावरून फिरवावं तसं.

"तू बघ," मी कंकूला म्हणालो. तिनंही नख फिरवलं. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. मिशीला हात लावून घेतला, शेवटचा.

बेअरिंगं पुसता पुसता ती म्हणाली, "काका, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"एवढं सगळं करून साधीच घातली असती, तर?"

अवघड प्रश्न. पण खोटं सांगायला ती काही गिऱ्हाईक नव्हती. "तर तीही चालली असती," मी म्हणालो. "असल्या तेलात साधीसुद्धा मजेत चालली असती. दोन-चार हंगाम गेले तर फरक कळेल. एका हंगामात नाही."

ती पुसतच राहिली. चकचकीत झालेली वाटी आणखी चकचकीत करत राहिली. "म्हणजे बापा म्हणतील ते खरं. चौपट पैसे पाण्यात."

"मला एक सांग. साधी असती, तर तू हे सगळं केलं असतंस? नवऱ्याचा फेटा फाडला असतास?"

तिनं विचार केला. कंकूचं हे मला आवडतं, ती विचार करून बोलते. "नसता फाडला," ती म्हणाली. "साध्यासाठी कोण करतं?"

तेवढ्यात माणसं आली. वशराम पुढे, हातात धाणीच्या लाह्यांची आणि खजुराची पुडी, गालांना गुलाल. कंकूनं पाना उचललेला बघताच सगळ्यांनी चपला काढल्या आणि गुलालाचे हात पाठीमागं लपवले. शेजारच्या आगरांवरचेही दहा-पंधरा जण जमले होते. मिशी बघायला.

एकेकानं क्रँकवर नख फिरवलं. दुदाबापानं दोनदा फिरवलं, मग एकदा करंगळीचं फिरवलं. चरा नव्हता.

आता हा म्हातारा चेष्टेखोर असला तरी मठ्ठ नाही. चाळीस वर्षं त्यानं इंजिनं पाहिली आहेत. तो तेलाकडे बघून म्हणाला, "थांबा. ह्यात बेअरिंगाची करामत काय? आमच्या वहूनं तेलच असं ठेवलं की आरशाची गरज नाही. ह्या तेलात साधं बेअरिंगसुद्धा टिकलं असतं. काय मिस्त्री? खरं की नाही? तसं सांग आणि मिशी घेऊन घरी जा. पैज बेअरिंगावर होती, वहूवर नव्हती!"

लोकांना पटलं. "बरोबर आहे, बापा बरोबर बोलतायत." माझ्या मिशीसाठी असा वकील मला पैसे देऊन मिळाला नसता.

वशराम एका बाजूला उभा होता, नखातला काळा मळ काढत. पोरगा बेअरिंगाच्या कारखान्यातला. त्याला काय कळत नव्हतं? त्यानं वर बघितलं आणि हळूच विचारलं, "खरंच काका? साधी चालली असती?"

कंकूनं पदर पुढं ओढला होता. तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होता, आणि तो ओढणीच्या टोकाच्या त्या शेवटच्या गाठीवर होता. उत्तराणापासून तिनं त्या पिनेबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आज काढला असता तर मिशीच काय, माझा धंदा गेला असता. पण तिनं गाठ सोडली नाही. नुसती धरून ठेवली.

"नाही, बापा," मी म्हणालो. "तुम्ही चुकताय. इथं साधी बेअरिंगं असती, तर उत्तराणालाच हे इंजिन फुटलं असतं. लिहून घ्या माझ्याकडून."

आणि हे खोटं नव्हतं. साधी असती तर फेटा फाटला नसता, गाठी पडल्या नसत्या, आणि इंजिनाला रोज रामराम घालून जबाबाची वाट बघत कुणी उभं राहिलं नसतं.

"फुटलं असतं?" दुदाबापाचं तोंड उघडंच राहिलं.

"पोट फाडून. वशराम, तुझी चीज वसूल आहे. आण रे गेला, वस्तरा आण."

वशराम नको नको म्हणत होता, पण माझा आता हट्ट होता. खाटेवर बसलो. गेलानं साबण लावला आणि तीस वर्षांची मिशी चार हात मारून उतरवली. दुदाबापानं मला ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. "मिस्त्री," तो म्हणाला, "तू तर हुबेहूब तुझ्या सासूसारखा दिसतोस." सगळे इतके हसले की कुणाला चपलांचं भान राहिलं नाही. वशराम सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग दुदाबापानं खजुराची पहिली मूठ उचलून त्याच्या ओंजळीत घातली आणि म्हणाला, "खा. बांगड्या चांगल्या होत्या तुझ्या."

वशरामनं खजूर तोंडात टाकला नाही. हातातच धरून तो बहिणीकडे वळला. "ह्या श्रावणात साडी आणतो, बेन. कुठल्या रंगाची आणू?"

"साडी नको," कंकू पदराआडून म्हणाली. "कॉटर पिनांचं एक खोकं आण."

"पिनांचं? अगं, ती काय द्यायची वस्तू आहे? चहाच्या पैशात मूठभर येतात."

"माहीत आहे. तरी आण. नव्या." तिनं ओढणीची शेवटची गाठ चाचपली. "काकांच्या पेटीत ठेवायच्या आहेत."

कुणाला काही कळलं नाही. दुदाबापानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, "काय रे, ही काय नवी भानगड?" मी रुबाबात खाकरलो, आणि अशा वेळी करतो तसा मिशीला पीळ द्यायला हात वर नेला.